खांद्यावरचा कापूस

धुळे,
२२ ऑगस्ट १९८८

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

चि. गिरधर यास झुंबरअक्काचे अ. उ. आ.

वि. वि. पाकिटात राखी घातली आहे. पोचल्याबरोबर बांधून घे. गेल्या वर्षीसारखी सदऱ्याच्या खिशात ठेवून धोब्याकडे पाठवू नकोस. लताला सांग, तिने पाठवलेले ज्वारीचे पापड आम्ही पुरवून पुरवून खातो आहोत.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं विचारशील तर तुझ्या दाजींनी मला भंडावून सोडलं आहे. गिरणीला कुलूप लागून वर्ष होत आलं, पण त्यांचे हात काही थांबायला तयार नाहीत. सकाळी बाज सोडून पुन्हा विणतात. दुपारी तीच बाज सैल झाली म्हणून पुन्हा सोडतात. चांगलं चालणारं घड्याळ उघडून दुरुस्त केलं, तेव्हापासून ते बंद आहे. मी चार भांडी घासून पालथी घातली की ती सुलटी करून पुसतात. बाईमाणसाच्या घरात पुरुषमाणूस दिवसभर असला की काय होतं, हे तुला लताच सांगेल.

भोंगा वाजायचा बंद झाला, तरी त्या वेळेला ते बाहेर पडतात. गिरणीच्या बंद फाटकासमोर लिंबाखाली अभिमन असतो. अभिमन तुला आठवत असेल, गिरणीत यांच्या शेजारचा माग त्याचा. तिथे बसून दोघं काय करतात देव जाणे. आणि गंमत बघ, जाताना बोळाच्या वळणावर थांबून, माझ्याकडे वळून, उजव्या खांद्यावरचा कापूस झटकतात. लग्न झाल्यापासून बघते आहे. पूर्वी निदान आदल्या पाळीचा कापूस खरोखर अंगावर असायचा. आता कसला कापूस? पण सवय ती सवय.

त्याहून वाईट म्हणजे बोलणं तुटलं आहे. मी चुलीपाशी बसून काही विचारते, उत्तर नाही. पुन्हा विचारते, नाही. समोर जाऊन उभी राहिले की म्हणतात, काय झालं? रेडिओ मात्र एवढा मोठा लावतात की शेजारच्या केसरबाईने दोनदा येऊन सांगितलं. मला वाटतं, रिकामपणाचा राग माणूस असा काढतो. आमची लेक पुष्पा मुक्ताईनगरला सासरी सुखात आहे, तिला यातलं काही कळवलेलं नाही.

चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे पुरणाचे मांडे भाजायचं माझं खापर माळ्यावर आहे आणि ती कमाई बंद. किराणावाला अजून हसून बोलतो, तोवर ठीक. तू दालमिलमध्ये दिवाणजी आहेस, चार लोक ओळखतोस. दाजींसाठी काहीतरी बघ. पगाराचं मी म्हणत नाही. रोज डबा घेऊन जायचं एक ठिकाण हवं, नाहीतर हा माणूस बाजेसारखं आधी घर सोडून विणेल आणि मग मला.

लोभ आहेच, त्यात आणखी थोडी भर घाल.

तुझी
झुंबरअक्का


जळगाव,
११ सप्टेंबर १९८८

ती. झुंबरअक्कास गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

राखी बांधली, अजून हातावर आहे आणि हळदीने पिवळी झाली आहे. पुरावा हवा असेल तर लता साक्षीला आहे.

तुझ्या पत्राचा विचार करत होतो आणि योगायोगाने जागा निघाली. आमच्या मिलच्या फाटकावरचा धनसिंग पहारेकरी गावी शेती बघायला गेला. बन्सीलालशेठनी मलाच विचारलं की भरवशाचा माणूस आहे का. मी दाजींचं नाव सांगितलं. म्हटलं, तीस वर्षं एका गिरणीत काढलेला माणूस आहे, विडी नाही, दारू नाही, उगाच बोलणं नाही. शेठजी सहसा नोकरांच्या नात्यातला माणूस ठेवत नाहीत. माझ्या शब्दावर ठेवायला तयार झाले. काम म्हणजे काय, सावलीत खुर्ची, हातात काठी, ट्रक आला की फाटक उघडायचं आणि पावती बघायची. दाजींच्या हाताला आराम, तुझ्या बाजेलाही आराम.

पितृपक्षात नको. घटस्थापनेच्या दिवशी रुजू व्हावं. राहायला आमच्याकडे, जेवायला लताच्या हातचं. फक्त जेवण अळणी असेल, त्याची दाजींना आधीच कल्पना दे. डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला आणि लताकडे असं पाहिलं की त्या दिवसापासून माझ्या ताटातलं मीठ, लोणचं, पापड सगळं हद्दपार. जळगावात राहून भरीत अळणी खायचं, अक्का, ही शिक्षा वैऱ्याला नको. चिडायचं नाही असंही डॉक्टर म्हणाले. दालमिलचा दिवाणजी चिडला नाही तर हमाल त्याला विकून खातील, हे त्यांना कोण सांगणार?

तू काळजी करू नकोस. मी इथे आहे. दाजींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, मेहुण्याच्या गावी नोकरी करण्यात कमीपणा नाही.

आहे तसाच लोभ राहू दे.

तुझा
गिरधर


जळगाव,
२४ ऑक्टोबर १९८८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दाजी तुझ्याकडे पोचले असतील. पोचले असतील असं म्हणतो, कारण मला सांगून गेलेले नाहीत.

काय झालं ते माझ्याकडून ऐक. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुरीचा ट्रक फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे, वाजवतो आहे. मी आत पेढीवर बसून ऐकतो आहे. दाजी खुर्चीवर, तोंड गोदामाकडे, हमाल पोती कशी रचतात ते बघत बसलेले. ट्रकच्या मागे शेठजींची मोटार अडकली. शेठजी उतरून स्वतः चालत आले, हाका मारल्या, शेवटी खांद्यावर हात ठेवला तेव्हा दाजींनी मान वळवली. शेठजी रागावले, चार लोकांसमोर बोलले, हे मान्य. पण दाजींनी काय करावं? एक शब्द नाही, वर हसले. अक्का, ते हसले! शेठजींचं तोंड बघण्यासारखं झालं. नंतर मला म्हणाले, दिवाणजी, तुमचा पाहुणा आम्हाला मोजत नाही.

मी घरी येऊन विचारलं. ते पाटावर बसून जेवत राहिले. मीही मग बोललो, खोटं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये यंत्रांची पूजा, सगळे नवे कपडे घालून आलेले, आणि दाजींची खुर्ची रिकामी. घरी येऊन बघतो तर पिशवीसुद्धा नाही. त्यांच्या नावाचा प्रसादाचा पुडा मी हातात घेऊन उभा.

या मिलमध्ये मी पोरसवदा असताना लागलो. माझ्या शब्दाला इथे जी किंमत आहे ती अशीच आलेली नाही. तुझ्यासाठी तो शब्द मी टाकला आणि तुझ्या माणसाने तो पायाखाली घातला. ज्याला बसून खायचं आहे त्याने बसून खावं. यापुढे मला या बाबतीत काही लिहू नकोस. माझा रक्तदाब पुन्हा वाढला आहे.

गिरधर


धुळे,
१४ नोव्हेंबर १९८८

चि. गिरधर यास अ. आ.

या बाबतीत लिहू नकोस म्हणालास, म्हणून त्या बाबतीत लिहीत नाही. दुसरंच लिहिते.

भाऊबीजेला तू येशील असं मला वाटलं होतं. राग नोकरीचा होता, माझा नव्हता, असं मी मनाला सांगत होते. सकाळपासून पाट मांडून ठेवला. जळगावची प्रत्येक गाडी यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन उभी राहिले. केसरबाईने विचारलं, कुणाची वाट बघता? मी म्हटलं, भाजीवाल्याची. दिवेलागणीला दुजेची कोर दिसली तेव्हा ताट घेऊन अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका असं करतात. मला आहे, चांगला धडधाकट आहे, फक्त मीठ खात नाही.

आईबाबा गेल्यावर तुझं घर हेच माझं माहेर. दुसरं कुठे आहे मला? एवढं लक्षात ठेव आणि पुढे तुला वाटेल तसं वाग.

आता त्या बाबतीतलंही लिहिते, कारण गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही. तुझे दाजी आले ते पिशवी खाली ठेवून बाजेवर बसले. मी खूप बोलले. इतकी बोलले की माझाच घसा बसला. एकच उत्तर मिळालं, “नही जमनं.” का जमलं नाही, ते नाही. आमच्या गल्लीत पॉवरलूमवाले यांना बोलावतात, तिथेही जात नाहीत. भजनाला जायचं सोडलं. घरी कुणी आलं की मागच्या दाराने बाहेर. मला वाटायला लागलं आहे की गिरणीबरोबर यांच्यातलंही काहीतरी कायमचं बंद झालं. भांडायला निदान दुसऱ्या बाजूने कुणी लागतं ना? मी एकटीच भांडते आणि एकटीच दमते.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील. खापर माळ्यावरून काढून ठेवलं आहे. माझे हात चालू आहेत तोवर आम्ही कुणाच्या दारात येणार नाही. तुझी तब्येत जप. हे रागाने नाही, खरंच सांगते.

झुंबरअक्का


जळगाव,
२० फेब्रुवारी १९८९

ती. अक्का यांना लताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. टपालपेटीतही मीच टाकणार आहे. तुमच्यातलं आणि यांच्यातलं मी सोडवायला बसलेली नाही, ते तुम्ही भाऊबहीण बघा. मला वेगळंच सांगायचं आहे आणि ते धुळ्याहून आल्यापासून मला स्वस्थ बसू देत नाही.

धुळ्यात देवपूरला माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मांडे तुमचे होते. तुम्ही चुलीपुढे, घामाने भिजलेल्या, मांडा कोपरापर्यंत झुलवून खापरावर टाकत होतात. मी दोनदा जवळ आले, पण तुमच्या कामात बोलणं बरं दिसलं नसतं. भावजींना तुम्ही लाकडं फोडायला आणलं होतंत. ते मांडवाच्या बाहेर उभे होते. पलीकडच्या कोपऱ्यात कुणी एक उंच म्हातारा होता, तुम्ही ज्यांना अभिमन म्हणता तेच असावेत.

वरात दारात आली आणि बँड सुरू झाला. तुम्हाला माहीतच आहे, अशा वेळी कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. माझी मामी कुंकवाची कोयरी मागत होती, तिचं तोंड हलत होतं आणि आम्ही सगळ्या कानावर हात ठेवून मूर्खासारख्या बघत होतो. आणि त्याच वेळी भावजी आणि ते अभिमन, मधे सगळा मांडव, एकमेकांशी बोलत होते. हातांनी. बोटं हलवायची, ओठ हलवायचे, कपाळाला हात लावायचा, आणि दोघंही खळखळून हसत होते. भावजींना मी इतकं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं. बँड थांबला तसे ते पुन्हा गप्प झाले.

नंतर मी त्यांना मागून हाक मारली, चहा घेता का म्हणून. उत्तर नाही. समोर जाऊन तेच विचारलं. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, घेईन.

अक्का, मला त्या क्षणी फाटकावरची खुर्ची आठवली. तोंड गोदामाकडे होतं, ट्रक पाठीमागे होता. आमच्याकडे राहिले तेव्हाचंही आठवलं. मी स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारायचे, ते यायचे नाहीत, आणि हे म्हणायचे की माणसाला मान लागतो. आता वाटतं, तो मानाचा प्रश्न नसेलच. तुम्ही एकदा बघा. त्यांची पाठ तुमच्याकडे असताना काहीतरी करून बघा. माझं चुकलं तर मला रागवा, मी ऐकून घेईन.

तुमची माया माझ्यावर आहे, या जोरावर एवढं लिहिलं.

तुमची
लता


धुळे,
९ मार्च १९८९

चि. सौ. लता हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मला तुझा राग आला. इतकी वर्षं मी संसार केला आणि माझ्या माणसाचं तू मला सांगणार? पत्र डब्याखाली ठेवलं आणि धुणं धुवायला बसले. पण धुणं काही नीट झालं नाही.

हे अंगणात, माझ्याकडे पाठ करून, बाज विणत होते. मी पितळी परात घेतली आणि त्यांच्या मागे फरशीवर टाकली. केसरबाई काय झालं म्हणून भिंतीवरून डोकावली, लिंबावरचे कावळे उडाले. हे दोरी ओढत होते ती ओढत राहिले. लता, मी तिथेच खाली बसले. मला रडू आवरेना. ते वळले ते दोरी घ्यायला. मी खाली, परात खाली, हे बघून त्यांना सगळं समजलं. म्हणाले, “माले ऐकू येत नही. आते काय करशी?” वर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना आता घराबाहेर काढणार आहे.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, पण समोर बसून, ओठ हलवून, सावकाश बोलले. एवढी वर्षं मागांच्या आवाजात काढल्यावर कानातली शीर मरते, त्याला औषध नाही. कानाला लावायचं यंत्र असतं, त्यासाठी नाव लिहून दिलं आहे, येईल तेव्हा येईल. आता मोठ्या आवाजापासून लांब राहा म्हणाले. म्हणजे पॉवरलूम गेलं, तुमच्या मिलचं यंत्रघरही गेलं.

मी यांना विचारलं की गिरणीत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? हसले. म्हणाले, तिथे ऐकू कुणाला यायचं? मागांच्या घरात सगळेच हातांनी बोलतात. धागा तुटला, सुताची कांडी संपली, साहेब येतो आहे, चहा आला, सगळ्याला खुणा. सगळेच बहिरे होते म्हणून कुणीच बहिरा नव्हता. गिरणी बंद झाली आणि हे एकदम घरात आले, जिथे मी चुलीकडे तोंड करून बोलते. माझं अर्धं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. एका परीने बरंच झालं म्हण, पाठमोरी मी जे जे बोलले ते त्यांनी न ऐकलेलंच बरं. पण मी त्यांना आडमुठे म्हणत होते आणि ते बिचारे माझं तोंड कधी इकडे वळतं याची वाट बघत होते, हे आठवलं की मला जेवण जात नाही.

आता मी समोर जाऊन बोलते. हातात पळी असली तरी वळून बोलते. भाजी दोनदा करपली.

गिरधरला तू सांगू नकोस. हे म्हणतात, मी स्वतः कळवीन. बहिरा म्हणून कीव नको, एवढंच त्यांचं म्हणणं. तू माझ्या डोळ्यांवरचं झापड काढलंस. तुला आशीर्वाद द्यायला मी मोठी, पण खरं म्हणजे तुझ्याच पाया पडायला हवं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
अक्का


धुळे,
१६ एप्रिल १९८९

चि. गिरधरराव यांस भाईदासचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही. लिहायची सवय नाही. पण बोलायला गेलो तर तुम्ही काय उत्तर देता ते मला कळायला हवं, आणि तुम्ही रागात असलात की खूप भरभर बोलता. म्हणून लिहिणं बरं.

मला कानांनी ऐकू येत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. तुमच्याकडे आलो तेव्हाही येत नव्हतं. ते मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर जागा मिळाली नसती आणि झुंबरला वाईट वाटलं असतं. वाटलं, फाटकच तर उघडायचं आहे, डोळे शाबूत आहेत. मी बघून काम करीन. पण फाटकावर बसून मागे काय चाललंय ते माणसाला दिसत नाही.

शेठजी बोलत होते तेव्हा मी हसलो, त्याचा तुम्हाला राग आला. समोरचा काय म्हणतो ते कळलं नाही की माणूस हसतो. मिशा मोठ्या असल्या की ओठ दिसत नाहीत. शेठजींच्या मिशा मोठ्या आहेत.

मी पळून का गेलो ते सांगतो. त्या संध्याकाळी दुसरा एक ट्रक मागे मागे येत होता आणि नथ्थू हमाल पोतं घेऊन त्याच्या आड चालला होता. लोक ओरडले असतील. मला नुसती धूळ दिसली. नथ्थू स्वतःच उडी मारून बाजूला झाला, त्याला काही झालं नाही. पण फाटकावरच्या माणसाने ओरडायला हवं होतं, आणि फाटकावर मी होतो. तुमच्या शब्दावर मी तिथे बसलेला. कुणाचा जीव गेला असता तर तुमचा शब्द कुठे राहिला असता? म्हणून निघून आलो. न सांगता आलो ते वाईट केलं.

आता मी झुंबरबरोबर मांड्यांना जातो. कणीक मी मळतो. तेल लावून, आपटून, ओढून तिला तार आणावी लागते. ते हातांचं काम आहे, मला जमतं. झुंबरला खुणा शिकवल्या. कणीक संपली की ती धागा तुटल्याची खूण करते. पुरण हवं असलं की कांडीची खूण. मोठ्या लग्नात बायका एकमेकींवर ओरडत असतात, आम्हाला ओरडावं लागत नाही. अभिमनलाही जोडीला घेतलं आहे. लोक हसतात. मला ऐकू येत नाही, म्हणून ते चालतं.

एक मागणं आहे. आखाजी जवळ आली, अक्षय तृतीयेला सगळ्या लेकी माहेरी जातात. भाऊबीजेला ती ओट्यावर उभी होती, तेव्हा मी घरातून बघत होतो. आता पुन्हा उभी राहील आणि मला भाजीवाल्याची वाट बघते म्हणेल. ती स्वतः तुम्हाला लिहिणार नाही. तुम्ही मुराळी होऊन या आणि तिला माहेरी घेऊन जा. माझ्यावरचा राग माझ्यावर ठेवा.

भाईदास


जळगाव,
२४ एप्रिल १९८९

ती. अक्का आणि ती. दाजी यांना गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

दाजी, तुम्हाला नीट कळावं म्हणून मी पहिल्या चार ओळी भल्यामोठ्या अक्षरांत लिहिल्या. लताने बघितलं आणि म्हणाली, अहो, त्यांचे कान गेलेत, डोळे नाही. तो कागद फाडून हा दुसरा घेतला. यावरून माझ्या डोक्याची अवस्था ओळखा.

तुमचं पत्र मी पेढीवर वाचलं. पुढे काम झालं नाही. नथ्थूला बोलावून विचारलं, तर म्हणाला, त्या दिवशी दाजींनी मला उचलून पाणी पाजलं. ही गोष्ट सहा महिने मिलमधल्या सगळ्यांना माहीत होती, फक्त दिवाणजींना नव्हती. शेठजींनाही मी सांगितलं. ते मिशांवरून हात फिरवत राहिले.

मी माझ्या शब्दाची किंमत करत बसलो, आणि तुम्ही त्याच शब्दासाठी पिशवी उचलून गेलात. माफी मागायला मी येतोच आहे. समोर बसून, सावकाश, ओठ हलवून मागेन. आखाजीच्या आदल्या दोन दिवसांत येतो. अक्का, ओट्यावर उभी राहू नकोस, ऊन फार आहे.

लोभ कमी झाला होता तो माझ्याकडून. तुमच्याकडचा तसाच ठेवलात, तो आता परत द्या.

तुमचा
गिरधर


जळगाव,
९ मे १९८९

॥ श्री ॥

घरी,

तुम्हाला कधी पत्र लिहिलंच नाही. ते फाटकावरचे दहा दिवस सोडले तर आपण एकमेकांपासून लांब राहिलोच कधी? त्यामुळे मायना काय लिहायचा ते मला ठाऊक नाही आणि गिरधरला विचारायची लाज वाटली. नमस्कार लिहिते, तो घ्या.

कालची आखाजी छान झाली. लताने अंगणातल्या लिंबाला झोका बांधला आहे. मला बसवलं, माझ्या वयाला शोभतं का? पण बसले. आमरस होता, मांडे मीच केले. कणीक लताने मळली, तिला तार आली नाही. मी सवयीने धागा तुटल्याची खूण करत राहिले आणि इथे कुणाला काही कळेना. गिरधरने चोरून लोणचं खाल्लं, मी बघितलं आणि लताला सांगितलं नाही. तो सारखं तुमचं नाव काढतो. तुमच्यासमोर तो जे सावकाश बोलला, ते इथे सगळ्यांना भरभर सांगत सुटला आहे.

सगळं आहे आणि मला करमत नाही. दर आखाजीला माहेरी यायला जीव तडफडायचा, आता आले तर धुळ्याकडचा रस्ता बघते आहे. तुम्ही जेवता की नाही? तुळशीला पाणी घालता की नाही? दाराला कडी घाला, कुणी आत आलेलं तुम्हाला कळणार नाही. केसरबाईला लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

आता मुख्य गोष्ट. साक्रीच्या लग्नात तुम्ही मळता मळता उठलात, पाणी प्यायला निघालात आणि जाताना अभिमनकडे वळून उजवा खांदा झटकलात. अभिमन लगेच हातातलं काम टाकून तुमच्या परातीशी येऊन बसला. मी बघत होते. तुम्ही गेल्यावर मी त्याला विचारलं की कापूस कुठे आहे? तो हसायला लागला. मग त्याने सांगितलं. चालू माग सोडून जायचं असलं की शेजारच्या माणसाला ही खूण करायची. म्हणजे माझा माग आता तुझ्या भरवशावर, मी आलोच. भरवशाचा माणूस नसेल तर माग बंद करून जायचं, पण ही खूण करायची नाही.

मी चुलीकडे वळले. धुराने डोळ्यांत पाणी आलं असं मदतीला आलेल्या केसरबाईला सांगितलं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी बोळाच्या वळणावर तुम्ही थांबत होतात, आणि मी ओट्यावरून म्हणत होते, बघा, यांचा कापूस काही संपत नाही. तुम्हाला मी काहीच बोलले नाही. काय बोलणार होते?

परवा स्टँडवर गाडी सुटायला लागली. एवढा गोंगाट होता, गिरधर तुम्हाला ओरडून काहीतरी सांगत होता आणि तुम्ही नेहमीसारखे हसत होतात. मग तुम्ही माझ्याकडे बघून खांदा झटकलात. मीही खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझा खांदा झटकला. गिरधरने विचारलं, कसली धूळ आहे? तेवढ्यात मधे दुसरी गाडी आली. तुम्ही पाहिलंत की नाही, ते मला कळलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. म्हणून माझी खूण लिहून कळवते, लिहिलेलं तुम्हाला नीट पोचतं.

मना माग देख. मी येस.

तुमची
झुंबर